वासुदेवरावांचा जाड दांड्याचा चमचा

मित्रांनो, आमची इरा पहिलीत गेली त्या वर्षी, २०२२च्या सप्टेंबरात, मी जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावच्या या घरात आलो. मी एक जुना चमचा आहे. माझं तोंड स्टीलचं, दांडा काळ्या रबराचा, केळ्याएवढा जाड. ज्यांची बोटं नीट मिटत नाहीत, त्यांच्यासाठी मला असं घडवलं.

इराचे आजोबा वासुदेवराव यांना उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हातात जेमतेम जीव उरला. दवाखान्याने मला त्यांच्यासोबत घरी धाडलं. आजीने, कुंदाबाईंनी, मला खणात टाकलं. “मी धडधाकट असताना ह्यांनी सांडत का जेवायचं?” असं त्यांचं म्हणणं. त्या मऊ वरणभात कालवून प्रेमाने भरवत. पण आजोबा दोन घासांनंतर तोंड मिटून घेत. महिन्याभरात त्यांच्या गळ्याची हाडं दिसू लागली. डॉक्टर नळीने अन्न द्यायचं बोलू लागले.

आंघोळ घालायला येणाऱ्या परिचारिका, फ्राऊ क्रामर, एकदा नेमक्या जेवणाच्या वेळी आल्या. त्यांनी भरवणं पाहिलं, खण उघडून मला बाहेर काढलं आणि जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. इराने ते मराठीत आणलं, “आजी, आजोबांना भूक आहे. पण तू भरवलेलं नकोय.”

कुंदाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “सत्तेचाळीस वर्षं माझ्याच हातचं जेवलेत ते.”

इराने हेही तिकडे पोचवलं. “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, असं फ्राऊ क्रामर म्हणाल्या. स्वयंपाक आजीनेच करावा, घास मात्र आजोबांनी घ्यावा. माणसाला जे जमतं ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही. ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, एक घास गिळल्यावरच दुसरा. ठसका लागला तर थांबायचं. आणि हात लावण्याआधी विचारायचं.

मी आजोबांच्या मुठीत गेलो. कोपराखाली आजीचा हात, तेवढाच आधार. पहिला घास सदऱ्यावर पडला, दुसरा मांडीवर. आजीने ओठ दाताखाली धरले, पण मला घेतलं नाही. तिसरा घास तोंडात गेला. आजोबांनी तो सावकाश गिळला आणि म्हणाले, “मीठ कमी आहे.”

महिन्याभरात ती त्यांची पहिली तक्रार. आजी पदराने डोळे पुसत मीठ आणायला उठल्या. नळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

दोन वर्षं मी रोज राबलो. माझं रबर भेगाळलं, रंग उडाला. शेवटच्या दिवसांत आजोबांना मी उचलवेना, तेव्हा आजीनेच मला धरलं. पण प्रत्येक घासाआधी त्या विचारत, “अहो, देऊ का?” आणि त्यांनी मान हलवेपर्यंत थांबत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी अंथरुणाला खिळलं, तर सेवा जरूर करा. आधी विचारा, मग थांबा. आता मी खणात आहे, पण धुऊन, पुसून, रुमालात गुंडाळलेला.

वासुदेवराव १४ नोव्हेंबर २०२४ला, गुरुवारी सकाळी, याच घरात वारले.