सर्व्हरचा नैवेद्य

चार मिनिटं दहा सेकंद.

डिस्पॅचचा रिपोर्ट उघडायला शुक्रवारी सकाळी एवढा वेळ लागायचा. चाकणच्या आमच्या कारखान्यात ब्रेकच्या पिना बनतात. रिपोर्ट उघडल्याशिवाय गेटवरचा ट्रक हलत नाही. गुरुवारी सुट्टी, सर्व्हर बंद. शुक्रवारी तो चालू केला की रडायचा. बाकीचे दिवस ठीक.

"शुक्रवार धार्जिणा न्हाई त्याला," फोरमन साहेबराव सांगायचे.

म्हणून त्या शुक्रवारी सर्व्हरच्या काचेच्या खोलीबाहेर अर्धी शिफ्ट जमली होती. आत सर्व्हर वेगवान करायला बोलावलेले, वाकडहून कॅबने आलेले सल्लागार दिग्विजय सर, आमचे प्लँट हेड अण्णासाहेब आणि मी, बुद्धभूषण. सर्व्हर सांभाळायला कंत्राटावर आहे.

"युनिक्स ही तपस्वी सिस्टिम," सर म्हणाले. "फाइल सिस्टिम तिचं शरीर, कर्नेल तिचा प्राण. प्राणाला अंक लागतो."

त्यांनी कर्नेलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, सेटिंगमध्ये तीन आकडे टाकले. नऊ. सत्तावीस. एक लाख ऐंशी हजार.

"प्रत्येकातल्या अंकांची बेरीज करा."

"नऊ!" काचेबाहेरून कुणीतरी ओरडलं.

"आता पहिला रिपोर्ट मशीनला अर्पण. बघायचा नाही. डोळे मिटा."

चार मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले. रिपोर्ट नेहमीसारखाच रखडत आला.

"दुसरा तुमचा."

तीन सेकंद.

टाळ्या पडल्या. साहेबरावांनी नारळ फोडला.

"सर, तो तिसरा आकडा," मी म्हणालो, "नोंदी डिस्कवर कधी लिहायच्या ते ठरवतो, सेकंदाच्या शंभराव्या भागात. आधी अर्धं मिनिट होतं. तुम्ही अर्धा तास केलाय."

"भूषण, ट्रक हलला ना?" अण्णासाहेब म्हणाले.

हलला होता. मी गप्प बसलो. आकडे लॅमिनेट होऊन सर्व्हरवर चिकटले, वर हळदीकुंकू. दर शुक्रवारी शिफ्टआधी साहेबराव एक रिपोर्ट अर्पण करू लागले.

शून्य.

पुढे एका शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या. एकदा पीं केलं आणि सर्व्हर बसला.

रुपाली क्वालिटीला ट्रेनी आहे, लातूरची, दिघीत मैत्रिणींबरोबर राहते. पीन मोजायची, माप टाइप करायचं. स्क्रीनवर 'नोंद झाली' आलं की पुढची. कागदी फॉर्म आम्ही मोठ्या अभिमानाने बंद केले होते. सर्व्हर उठला तेव्हा तिच्या शेवटच्या बेचाळीस नोंदी नव्हत्या. पिना ट्रकमधून गेल्या होत्या.

सोमवारी कस्टमरचा माणूस ती मापं मागायला आला.

"माज्या हातानं मोजलेत की हो सर," रुपाली म्हणाली. "एकेक मोजलंय."

"मग सर्व्हरने खाल्ली?" अण्णासाहेब. "तीन सेकंदात चालणारा सर्व्हर नोंदी खातो?"

एक तारखेला तिला कायम करण्याचं पत्र मिळायचं होतं. त्याऐवजी गेटपास काढून घेतला. न मोजता माल पास केला, हे कारण.

गेटपाशी तिने मला गाठलं. "भूषणदादा, तुम्हाला तरी पटतंय ना?"

"पटतंय."

"मग सांगा ना आत जाऊन."

चार मिनिटं अकरा सेकंद.

गुरुवारी सुट्टीच्या दिवशी अण्णासाहेब आणि साहेबरावांना बोलावलं. अडगळीतल्या जुन्या सर्व्हरवर तीच माहिती चढवून ठेवली होती.

"आकडे टाकलेले नाहीत. साहेबराव, घड्याळ लावा."

पहिला रिपोर्ट: चार मिनिटं अकरा सेकंद. दुसरा: तीन.

"आन् मंत्र?" साहेबराव.

"मंत्र नाहीच. पहिल्यांदा सर्व्हर वर्षभराच्या फाइली डिस्कवरून वाचतो. वाचलेलं मेमरीत राहतं, म्हणून दुसऱ्यांदा पटकन मिळतं. गुरुवारी बंद केला की मेमरी रिकामी. शुक्रवारचा दोष एवढाच."

मग सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, सरांचे आकडे टाकले. पहिला चार मिनिटं, दुसरा तीन सेकंद. तेच.

"म्हंजी मी निवद दावत हुतो," साहेबराव हळूच म्हणाले, "त्योच मेमरी भरत हुता व्हय?"

"हो."

शेवटी रुपालीसारखी एक नोंद केली. 'नोंद झाली' आलं. पाच मिनिटं थांबलो आणि वायर उपटली. परत सुरू केल्यावर नोंद नव्हती. डिस्कवर गेलीच नव्हती, मेमरीत बसून होती. तिसरा आकडा पूर्ववत करून तेच केलं. पाच मिनिटं, वायर, सुरू. नोंद जागेवर.

अण्णासाहेबांनी ती नोंद स्वतः पुन्हा उघडून पाहिली.

"पटलं रे."

"मग रुपालीला बोलवू?"

"कस्टमरला मेल गेलाय, ऑपरेटरची चूक म्हणून. आता सर्व्हरची चूक कळवली तर जुन्या सगळ्या नोंदी तपासतील. कंपनी बंद करू का?"

"पण तिची चूक नव्हती."

"नव्हती. तिला म्हणावं, दुसरीकडे बघ. मी शब्द टाकतो."

साहेबराव टोपी हातात घेऊन उभे होते. मी आवाज चढवला नाही. माझं कंत्राट मार्चला संपतं.

तीन सेकंद.

त्याच दिवशी खऱ्या सर्व्हरवरचे तिन्ही आकडे मी काढून टाकले. तीन आठवडे झाले. लॅमिनेट केलेली चिठ्ठी तशीच आहे. शिफ्टमधले लोक जाता-येता तिला हात लावतात. साहेबराव शुक्रवारी पहिला रिपोर्ट उघडतात, नारळ आणत नाहीत. दुसरा तीन सेकंदात येतो आणि लोक म्हणतात, सरांचे आकडे काय जबरदस्त आहेत राव.

रुपाली आकुर्डीला एका दुकानात बसते. फोन केला तर उचलते आणि एवढंच विचारते, "काय झालं का दादा?"

काही झालेलं नाही.

म्हणून हे लिहिलं. चमत्कार दिसला की एक करा. त्यातला मंत्र काढा आणि तेच पुन्हा करून बघा. घड्याळ पुरतं, शिक्षण लागत नाही. फक्त ते पहिल्याच शुक्रवारी करा, टाळ्यांच्या आधी. मी डोळे उघडे ठेवले होते. तोंडही उघडं ठेवायला हवं होतं.