मी मुदतीच्या तापाचा जंतू

मी मुदतीच्या तापाचा, म्हणजे टायफॉइडचा, जंतू बोलतोय. हळूच बोलतोय, कारण ज्या पांढऱ्या पेशीच्या पोटात दडलोय, तिला माझी चाहूल लागली तर माझं काही खरं नाही.

माझा जन्म गटाराला लागून गेलेल्या फुटक्या नळातला. त्या पाण्याचा बर्फ झाला आणि पर्वत पाटिया नावाच्या भागात, एका गाड्यावर, धनश्रीच्या उसाच्या रसात पडला. ही लिंबायत वस्तीतली नवी सून, घरी बसून साड्यांना खडे चिकटवणारी. साड्यांचा गठ्ठा पोचवून येताना तिला तहान लागली, एवढाच तिचा गुन्हा.

तुम्ही मला दुष्ट म्हणता. अहो, माझं चालतं कुठं? हुकूम माझ्यातल्या जनुकांचा. आतड्यात पोचलो तशी त्यांची एक टोळी जागी झाली. तिनं माझ्या अंगावर बारीक सुया उगवल्या आणि आतड्याच्या भिंतीतून मला आत घुसवलं. तिथं या पांढऱ्या पेशीनं मला गिळलं. आतलं आंबट अंगाला लागताच पहाऱ्यावरचं जनुक ओरडलं. त्यानं दुसरी टोळी उठवली, मला लपवणारी, आणि पहिलीला गप्प बसवलं. त्या सुया आता दिसल्या असत्या, तर पेशीनं मला तिथंच ओळखून मारलं असतं. एक बोलली की दुसरीनं तोंड मिटायचं. वेळ चुकली की संपलो. मला कुणी विचारत नाही. मी नुसता भीत राहतो आणि एकाचे दोन होतो.

धनश्री तापानं फणफणली. नवरा गजेंद्र यंत्रमागाच्या लूमवरून आला की दवाखान्याचं काढायचा. सासूबाई, उषाबाई, तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत म्हणायच्या, "मुदतना ताप शे. मुदत भरनी का उतरी जाई. सुई नको, सुईघाई ताप पोटमा शिरस." सुईनं म्हणे ताप पोटात शिरतो! पण माया खोटी नव्हती हो त्यांची! सुनेसाठी त्या जेवण विसरल्या होत्या.

पण ताप पोटातच होता. माझे भाईबंद जिथं जमले होते, तिथली आतड्याची भिंत झिजत चालली होती.

"माले भ्या वाटस," धनश्री नवऱ्याला म्हणाली. भीती मलाही वाटत होती. ती गेली तर मी कुठं जाणार?

आज दुपारी ती कळवळून ओरडली. "माय, तिनं पोट कडक व्हई गयं! मी तिले लई जास," म्हणत गजेंद्रनं तिला रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "आंत में छेद लगता है. अभी ऑपरेशन करना पड़ेगा."

उषाबाईंनी त्यांचे पाय धरले. "सुई टोचा, डॉक्टरसाहेब. जितल्या लागतीन तितल्या टोचा."

सलाईनमधून औषध सुटलंय. ते माझ्यासाठीच आहे, हे मला कळतं. जनुकं आतून अजून सांगतायत, लप, वाढ, लप, वाढ. उषाबाई, मला आपणहून थांबता येत नाही. तुम्हीच मला थांबवा, तिचा श्वास थांबायच्या आत.