दारुड्याचं घर

डॉक्टरीणबाईंनी मुलाला खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं, तशी आईने मान फिरवली. ते चालणं तिला तोंडपाठ होतं. पाय फाकलेले, हात हवेतच आधार शोधणारे. नवऱ्याचं असंच होतं, त्याआधी सासऱ्यांचं.

डॉक्टरीणबाई या दुर्मिळ आजाराची घराणी शोधत गावोगाव हिंडत होत्या. हिंडून हिंडून चेहरा पार उतरला होता.

"घरात आणखी कुणाला होतं असं?"

"नाही बाई. ह्याचे वडील झुलायचे, पण ते दारूने." वाक्य इतकं घासून गुळगुळीत झालं होतं की आपसूक निसटलं.

"मग तुमचं घर आमच्या यादीत घेता येणार नाही. दारूने तोल गेलेला आम्ही धरत नाही. रक्तातून आलेलं लागतं, निदान दोन पिढ्या."

"घ्या," मुलगा भिंतीला टेकत म्हणाला. "बाबांनी एवढं नाव कमावलं, आणि ऐन वेळी उपयोग शून्य!"

आईला हसू आलं नाही. चार लोकांत जायचं झालं की नवरा सदऱ्यावर दारू शिंपडून घ्यायचा. वासानेही ज्याला मळमळायचं, तो! म्हणायचा, दारुड्याच्या घराशी सोयरीक जुळते, रोग्याच्या नाही. शिंपडताना बाटली आईच धरायची, आणि मग जन्मभर दारुड्याची बायको म्हणून लोकांची कीव झेलायची. आता धाकट्या लेकीचं लग्न ठरलं होतं.

"तुमचं नाव बाहेर जाणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नावाचं काय घेऊन बसलात? तुमची गाडी दारात उभी आहे ना, गावाला दिसतेच की! आणि औषध तरी आहे का?"

"अजून नाही. आजारी किती, हेच ठाऊक नाही. सगळे दारुडे म्हणूनच गेले."

लेक आतून ऐकत होती. दारात येऊन म्हणाली, "आई, उद्या सासरी माझे पाय असे पडायला लागले तर काय सांगशील गं? मीही पिते म्हणून?"

बाईमाणसाला ही सबब पुरत नाही, हे इतक्या वर्षांत आईच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आणि तुझ्या सासरचे?"

"त्यांना मी सांगते. मोडायचं तर आत्ताच मोडू दे."

आई डॉक्टरीणबाईंकडे वळली. म्हणाली, "ह्याचे वडील दारूच्या थेंबाला शिवले नाहीत."

"आणि त्यांचे वडील?"

"तेही नाही. त्यांचा भाऊही प्यायचा नाही, चुलत भाऊही..." तिने दमून डोळे मिटले. "नीट टेकून बसा बाई. पुष्कळ माणसं आहेत."