टेवेस यांच्याकडे

निळा शिक्का, जरा तिरका: या पत्त्यावर अशी व्यक्ती आढळली नाही.

वाळवलेले जर्दाळू, अर्धा किलो, कापडी पिशवीत.

रविवारी रिकाम्या बाटल्या काच टाकायच्या पिंपात टाकू नयेत. आवाज होतो.

कालव्याचे पाणदरवाजे उघडायला पूर्वी चार माणसं लागत. नंतर एक. नंतर एकही नाही.

त्या ऑगस्टात उत्तरेतसुद्धा इतकं उकडत होतं की ओस्टरविकच्या बेकरीवाल्यानं दुपारी दोनलाच दार लावून घ्यायला सुरुवात केली.

“थांबा. येईल.”

*

यातले शेवटचे दोन शब्द गेझिन ल्युबर्सचे. एकाच माणसाला, एकाच आठवड्याच्या अंतरानं, दोन सोमवारी तिनं ते ऐकवले.

गेझिन कोलेगात सल्लागार होती. बाहेरदेशातून आलेल्या पोरांना थेट विद्यापीठात शिरता येत नसे. आधी एक वर्ष कोलेगात काढायचं, शेवटची परीक्षा द्यायची, मग पुढे. त्या एका वर्षात पोरांचं जे काही अडेल ते गेझिननं सोडवायचं, असं काम. दात दुखला, गेझिन. घरमालकीण भांडली, गेझिन. परवान्याचं नूतनीकरण आलं की ती सगळ्या वर्गाला रांगेनं परदेशी नागरिकांच्या कचेरीत नेई, अंगणवाडीची बाई नेते तशी. पोरांचं सरकारी टपालसुद्धा ती कोलेगच्या पत्त्यावर मागवून घेई, म्हणजे हरवायला नको. एकवीस वर्षं हे चाललं होतं. तोंडावर पोरं तिला फ्राऊ ल्युबर्स, म्हणजे ल्युबर्सबाई, म्हणत आणि पाठीमागे ‘पिवळा कागद’.

कारण पिवळा कागद होता. एकतीस कलमं, पाठपोट. आल्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं वाचून खाली सही करायची. बाटल्यांचं कलम त्यातलंच, बाविसावं.

कोलेग जूनमध्ये संपलं, की विद्यापीठाच्या अर्जावर मात्र स्वतःचा पत्ता घालायचा. “आता तुम्ही मोठे झालात,” ती सांगे. “आता पत्र तुमच्या घरी.”

*

१८ ऑगस्ट, सोमवार.

“फ्राऊ ल्युबर्स, सगळ्यांना पत्रं आली. मला नाही.”

हा सियोवुश काबिलोव, ताजिकिस्तानातल्या खुजंदचा, वय एकोणीस. त्याला पाण्याच्या बांधकामाचं शिकायचं होतं: धरणं, कालवे, बंधारे.

“सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला?”

“लिन्हला. एमेकाला. एमेका तर गणितात कसाबसा निघालाय, आणि पत्र खिशात घालून गावभर फिरतोय. जेवतानासुद्धा बाहेर काढून वाचतो. काल त्यावर सूप सांडलं.”

“मग तुमचं तर येणारच. थांबा. येईल.”

“मी फोन करून विचारू का?”

“सियोवुश, या दिवसांत विद्यापीठात फोन उचलणारं माणूस एकच असतं आणि आठ हजार जण त्याच्या जिवावर उठलेले असतात. हे ओस्टरविक आहे. इथं टपाल पोचतं.”

२५ ऑगस्ट, सोमवार. तो पुन्हा आला, या खेपेला हातात जर्दाळूंची पिशवी घेऊन.

“आईनं पाठवले. परवा पार्सल आलं.”

“बघा, खुजंदहून पार्सल आलं ना? मग चाळीस किलोमीटरवरून पत्र यायला काय होतंय? थांबा. येईल.”

तो थांबला. सांगितलं की ऐकायचं, अशा घरातला मुलगा होता.

*

१ सप्टेंबर, सोमवार. या वेळी तो नुसता दारात उभा राहिला. गेझिननं फोन उचलला. सत्तावीस मिनिटं संगीत वाजलं, मग प्रवेश विभागातल्या फ्राऊ प्रील.

“काबिलोव... काबिलोव... हां. अकराला पाठवलं. पंधराला परत आलं.”

“परत?”

“शिक्का आहे. माणूस आढळला नाही. स्वीकृती कळवायची मुदत एकोणतीस ऑगस्ट, दुपारी बारा. आज एक तारीख.”

“तारीख मला कळते.”

“तुमच्या आवाजावरून वाटलं नाही, म्हणून सांगितलं.”

“आता?”

“आता जागा यादीतल्या पुढच्याला. एक वाट आहे, पण अरुंद आहे. त्याची काही चूक नव्हती असं लेखी दाखवा, दोन आठवड्यांच्या आत. समितीला पटलं तर मुदत चुकलीच नाही असं धरून त्याला होता तिथं परत आणून ठेवतील. पण पत्रपेटीवर नाव नसणं ही ज्याची त्याची चूक धरतात. तुम्ही पोरांना सांगता ना हे? तो तुमचा पिवळा कागद इथंही प्रसिद्ध आहे हो.”

“सांगते.”

“सही घेता?”

“घेते.”

“मग कठीण आहे,” फ्राऊ प्रील म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. पण मागे आठ हजार जण होते.

सियोवुशचा राहण्याचा परवाना तीस सप्टेंबरपर्यंत होता. विद्यापीठाचा दाखला दाखवला तर पुढे वाढणार, नाही तर खुजंदचं तिकीट. दारात उभ्या असलेल्या त्याला हे सांगायची गरज नव्हती. तो वर्गात पहिला आला होता, हिशेब त्याला येत होते.

*

कलम चौदा. ज्या घरात राहता त्या घराच्या पत्रपेटीवर पहिल्या आठवड्यात आपलं आडनाव लावावं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. (हे गंभीरपणे घ्यावं.)

खाली सही. सियोवुश काबिलोव. तारीख, मागच्या सप्टेंबरची. अक्षर शाळेतल्या मुलासारखं, नीट ओळीवर.

कपाटात असे साताठशे कागद होते. त्यातला एक सापडला नाही तर आभाळ कोसळलं नसतं. गेझिन तो कागद हातात धरून बराच वेळ बसली. तिनं तो परत फायलीत ठेवला, मग पुन्हा काढला, आणि सायकलच्या टोपलीत टाकला.

*

हिन्रिक टेवेस एक्क्याऐंशीचा होता. चाळीस वर्षं त्यानं कालव्याचे पाणदरवाजे राखले. आता ते बटणावर चालत आणि बटण दुसऱ्या गावात होतं. घर कालव्याच्या काठाला. वरची खोली सियोवुशला दिलेली. दारावर पितळी पाटी, पेटीवर पितळी पाटी, दोन्हींवर टेवेस. दुसरं नाव कुठंच नाही.

“या, मास्तरीणबाई,” म्हातारा म्हणाला. “पोरानं काही फोडलंय का?”

गेझिननं पेटीकडे बोट दाखवलं. “याचं नाव का नाही?”

म्हाताऱ्यानं सियोवुशकडे पाहिलं. सियोवुशनं जमिनीकडे.

“तुम्ही कलम चौदा वाचलं होतं?” तिनं त्याला विचारलं.

“वाचलं होतं.”

“समजलं नव्हतं?”

“समजलं होतं, फ्राऊ ल्युबर्स. पण हे बोबोचं घर आहे.” बोबो म्हणजे आजोबा, वर्षभर तो म्हाताऱ्याला हेच म्हणत होता. “हे माझ्या आजोबांपेक्षा मोठे. मी पाहुणा. पाहुण्यानं आल्या आल्या यजमानाच्या दारावर स्वतःचं नाव ठोकायचं? आईला कळलं असतं तर तिनं इथं येऊन कान उपटले असते. ते म्हणाले असते तर लावलं असतं.”

“मग विचारायचं नाही का?”

“विचारलं तर ते हो म्हणाले असते. मनात नसलं तरी. म्हणून नाही विचारलं.”

“आणि तुम्ही, हेर टेवेस?”

“मी काय?” म्हातारा पुटपुटला. “मी वाट बघत होतो, हा कधी विचारतोय. माणूस एवढ्या लांबून येतो. कोणापासून लांब आलाय, का आलाय, आपल्याला काय ठाऊक? कुणाला असतं नाव नको दारावर. मी आपण होऊन ठोकलं असतं तर म्हणाला असता, हा म्हातारा कोण मला चव्हाट्यावर मांडणारा.” मग पाटीकडे बोट करून: “पाटीला जागा ठेवली होती की मी. ती बघा. स्क्रूची भोकंसुद्धा पाडून ठेवलीत.”

पितळी पाटीच्या खाली चार भोकं होती. वर्षभर त्यात पाणी जाऊन कडा गंजल्या होत्या.

“मग आईची पत्रं कशी यायची? पार्सल?”

“तिला मी सांगितलं होतं, खाली ‘टेवेस यांच्याकडे’ असं लिही म्हणून,” सियोवुश म्हणाला. “ती लिहिते. विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता. आडनाव, रस्ता, नंबर, गाव. संपलं. आणि आमचा नेहमीचा पोस्टमन ओळखतो मला. तो सुट्टीवर होता.”

“दोन लाकडाची डोकी एका घरात,” गेझिन म्हणाली.

“तीन,” म्हातारा म्हणाला. “पोर सांगत होतं, तुम्ही त्याला थांबा म्हणालात. दोनदा.”

कालव्यातून कोळशाची एक होडी गेली, कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही. मग म्हाताऱ्यानं शेडमधून एक पत्रा आणला, ठोकणीनं त्यावर अक्षरं उठवायला बसला. सियोवुश म्हणाला, अक्षरं लहान काढा, तुमच्यापेक्षा लहान. म्हातारा म्हणाला, गप रे, पोस्टमनला काय भिंग देणार आहेस? यावर पाऊण तास गेला.

*

अर्जासोबत जोडायचं सल्लागाराचं निवेदन. गेझिनच्या टंकलेखन यंत्रातून, क्रमानं:

एक. “अर्जदाराला पत्रपेटीबाबत सूचना देण्यात आली होती किंवा नाही, याची नोंद आमच्याकडे उपलब्ध नाही.”

चुरगळलेला.

दोन. “सूचना देण्यात आली होती, तथापि सांस्कृतिक कारणांमुळे”

इथंच थांबलेला. ‘सांस्कृतिक’ या शब्दाखाली पेनानं रेघ, आणि समासात: टेवेसला कुठली संस्कृती?

तीन. “अर्जदाराला सूचना देण्यात आली होती. सही केलेला कागद सोबत जोडला आहे. नाव न लावण्याची चूक त्याची आहे आणि तो ती कबूल करतो. परंतु पत्र आलं नाही हे सांगायला तो माझ्याकडे १८ ऑगस्टला आला, मुदतीच्या अकरा दिवस आधी. त्यानं फोन करू का असं विचारलं. मी करू नका म्हटलं. २५ ऑगस्टला तो पुन्हा आला. मी पुन्हा थांबायला सांगितलं. दोन्ही भेटी माझ्या डायरीत आहेत, पानांच्या प्रती जोडल्या आहेत. १८ ऑगस्टला मी फोन केला असता तर पत्र हातात पडलं असतं. माझं ऐकणं हे त्याचं कर्तव्य आहे असं आम्हीच त्याला वर्षभर शिकवलं. मुदत चुकली ती माझ्यामुळे. गेझिन ल्युबर्स.”

हा गेला. सोबत आणखी एक कागद गेला, कालव्याच्या नोंदवहीतून फाडलेला, कारण म्हातारा ऐकेना: “जागा होती. विचारलं नाही. टेवेस.”

सियोवुश टपालात टाकायचं पाकीट न्यायला आला तेव्हा म्हणाला, “तुम्ही असं लिहायला नको होतं. सही माझी आहे.”

“सही तुमची आहे, ते पहिल्याच ओळीत आहे. वाचलंत ना?”

“वाचलं. पण लोक तुम्हाला बोलतील.”

“एकवीस वर्षं मी लोकांना बोलतेय. थोडं परत आलं तर काही बिघडत नाही.” मग तिनं जर्दाळूंची पिशवी पुढे केली. “घ्या एक. मला एकटीला संपत नाहीत.”

*

नोव्हेंबर. कोलेगचे संचालक डॉक्टर आलर्स टेबलावरचं पेन सरळ करत होते. ते वाकडं नव्हतं.

“तुमच्या निवेदनाची प्रत विद्यापीठानं मला पाठवली. तुम्ही लिहिलंत की चूक कोलेगची.”

“माझ्या खोलीची लिहिली.”

“खोली कोलेगातच आहे, फ्राऊ ल्युबर्स.”

“भाडं मी देत नाही, हे खरं.”

आलर्स हसले नाहीत. उद्या आणखी कुणी मुदत चुकवली आणि म्हणाला की ल्युबर्सबाई थांबा म्हणाल्या होत्या, तर? त्यांनी विचारलं. प्रश्न वाजवी होता. यापुढे सल्ला लेखी द्यायचा, तोंडी नाही. आणि या प्रकरणाचा एक कागद तिच्या सेवेच्या फायलीत जाणार, निवृत्तीपर्यंत तिथंच राहणार. त्यांनी तो पुढे सरकवला. तिनं वाचला. एका ठिकाणी तारीख चुकली होती, ती पेनानं दुरुस्त केली आणि खाली सही केली.

“आणि ते कलम चौदा,” आलर्स म्हणाले. “ते तरी बदला. कंसात काय ते गंभीरपणे घ्यावं! हे काय लिहिणं झालं?”

“काय लिहू?”

बाहेर नव्या तुकडीची पोरं सायकली लावत होती, कुणाला तरी कुलूप जमत नव्हतं आणि बाकीचे त्याला चार भाषांत सल्ले देत होते.

“तुम्हीच बघा,” शेवटी आलर्स म्हणाले.

ती खोलीत परतली. दुपारी तिनं कोट चढवला आणि नव्या तुकडीची पत्त्यांची यादी घेऊन बाहेर पडली. सव्वीस घरं होती. पहिल्या दिवशी सात झाली. दोन ठिकाणी नाव नव्हतं.

काबिलोवचा अर्ज २३ सप्टेंबरला मंजूर झाला होता.