सातवी मूस

प्रयोगशाळेतल्या डेसिकेटरच्या, म्हणजे मुशी कोरड्या हवेत गार करायच्या बंद भांड्याच्या, काचेआड सात मुशी होत्या. नमुने जाळून राख करायच्या चिनीमातीच्या पांढऱ्या वाट्या, सहांच्या काठाशी एक ते सहा आकडे कोरलेले, सातवीवर काहीच नाही. रजिस्टरमध्येही नोंदी सहाच – सगळ्या लाल तिखटाच्या, सगळ्या सकाळी भट्टीत गेलेल्या. मूस पूर्ण गार व्हायला अर्धा तास लागतो. गरम मूस तराजूवर ठेवली की वजन खोटं येतं, आणि खोटं वजन मनवाने आठ वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं.

तराजूपासून हातभर अंतरावर लेखिका मैत्रिणीचं, इरावतीचं, पुस्तक उपडं पडलं होतं. शर्वरी मालिकेतलं सातवं, शेवटचं. शर्वरी म्हणजे सरकारी प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ, सहा पुस्तकं खुनी शोधून देणारी, एकही आकडा न बदलणारी... आणि ती मनवाची होती. विष किती वेळाने सापडतं, राख कोणत्या रंगाची होते, हे सगळं इरावती फोन करून मनवालाच विचारायची. सातव्याच्या वेळी फोन आला नाही.

सातव्यात खुनी निघाली शर्वरीची मावशीच. मारकुट्या नवऱ्याला तिने विष घातलं होतं. शर्वरीच्या यंत्रावर ते स्वच्छ दिसलं, आणि तिने अहवालात लिहिलं – आढळले नाही. शेवटच्या पानावर ती मावशीकडे जाते. मावशी तिला तांदळाचे घावणे वाढते, वर नारळाचा रस. एवढंच. मनवाने ते पान चार वेळा वाचलं होतं. खुनाचं तिला काहीच वाटलं नाही. त्या घावण्यांपाशी मात्र ती दर वेळी अडली, कारण पहिल्या पुस्तकात शर्वरीने याच मावशीच्या मसाल्याचा नमुना नापास केला होता, आणि तो नमुना इरावतीने मनाने रचलेला नव्हता.

तो मनवाच्या खऱ्या मावशीचा, रखमामावशीचा होता. घोडपदेवच्या चाळीतल्या बारा बायका, गच्चीवर वाळवलेल्या मिरच्या, लालबागच्या डंकावर कुटलेला मसाला, एका मोठ्या दुकानाची ऑर्डर. आम्लात न विरघळणारी राख, म्हणजे शेवटी उरते ती वाळू, १.४२ टक्के. मर्यादा १.३. आईने आडून सुचवून पाहिलं होतं. मनवाने १.४२ लिहिलं. ऑर्डर गेली. मावशी दारातच म्हणाली होती, “माझ्यापरास तुका आकडो मोठो वाटलो.” त्यानंतर आठ वर्षं बोलली नाही. मसाला मात्र दर मे महिन्यात येतो, आईच्या नावाने, आणि मनवा तो रोज खाते.

दुपारी तिने स्वतःच इरावतीला फोन केला होता. अभिनंदन वगैरे झाल्यावर म्हणाली, “मला विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

“नोंद खोटी करता येत नाही.”

“म्हणून नाही विचारलं. सहा पुस्तकं तिला एकटीलाच जेवायला बसवलं गं मी. शेवटी कुणीतरी वाढायला नको?”

मनवाने फोन ठेवला, डबा उघडला, आणि एकटीच जेवली.

जी बाई जगातच नाही तिचा हेवा कसा करायचा? पण शर्वरीने खोटं लिहिलं आणि तिला पान वाढलं गेलं... मनवाने खरं लिहिलं. मग इरावतीने माफ कुणाला केलं, आणि दोषी कुणाला ठरवलं? सकाळी निघताना आईच्या बरणीतून दोन चमचे मसाला पिशवीत घेतला तेव्हा तिने स्वतःला सांगितलं होतं – कुतूहल. आता सातव्या मुशीत त्याचीच राख गार होत होती, आणि अर्धा तास होत आला तसं ते कुतूहल वाटेना. तिला वाळू हवी होती. दीड टक्का, दोन टक्के. म्हणजे मावशी तेव्हाही चुकली होती, आताही चुकते आहे, आणि शर्वरीने खाल्लेले घावणे फुकटचे.

रघुवीर शेजारच्या टेबलावरून हात पुसत आला. त्यानेही पुस्तक वाचलं होतं. “शेवटी माणसात आली तुमची शर्वरी,” तो म्हणाला, आणि मुशी मोजून, “सातवी कुणाची?”

“ब्लँक आहे,” मनवा म्हणाली. नमुना न घालता केलेली चाचणी. रोज एक असतेच, कुणी पुन्हा विचारत नाही. त्यानेही विचारलं नाही.

किती सहज आलं ते खोटं. शर्वरीला अख्खं प्रकरण लागलं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदाच वजन करण्याआधी तिला आकडा ठरलेला हवा होता, आणि आपण कुणासारख्या झालो आहोत हे कळूनही तिने चिमटा उचलला, सातवी मूस तराजूवर ठेवली, काचेचं दार लावलं. शेवटचा अंक हलत राहिला, मग थांबला.

रिकामी मूस २४.३१०६ ग्रॅम. राखेसह २४.३२२८. नमुना २.०००० ग्रॅम. आम्लात न विरघळणारी राख ०.६१ टक्के. मर्यादा १.३.