जागा किती शिल्लक आहे?

धाकट्या बाई वयाने काही धाकट्या नव्हत्या. अडतिशी उलटली होती, कानामागे पांढरं दिसायला लागलं होतं. पण रेकॉर्ड ऑफिसात त्या सगळ्यांत शेवटी आलेल्या आणि अजून हंगामी, म्हणून धाकट्या. हंगामी म्हणजे दर सहा महिन्यांनी नोकरी संपायची आणि हेडक्लार्क मोठ्या मनाने आणखी सहा महिने वाढवून आणायचे. अशी तीन वर्षं गेली. "काय करणार बाई, जागाच नाही," असं ते हळहळायचे, आणि बाई त्यांचे अगदी मनापासून आभार मानायच्या. घरी आई रोज सकाळी विचारायची, "झालीस का गं कायम?" जसं काही ते झोपेत उरकण्यासारखं काम होतं!

या खेपेची मुदत आज संपत होती. हेडक्लार्क सकाळीच म्हणाले, "आता माझाही इलाज चालत नाही. संध्याकाळी चार्ज देऊन टाका."

बाईंना रडू येत होतं. पण रडायलाही सवड हवी ना! चार्ज द्यायचा म्हणजे किल्ल्या, शिक्के, स्कॅन केलेले कागद आणि ते मेलं जागेचं रजिस्टर. संगणकाच्या डिस्कवर जागा किती उरली ते रोज त्यात लिहायचं, असा हेडक्लार्कांचा हुकूम होता. गठ्ठ्यांच्या खोल्यांना जो नियम, तोच त्यांनी संगणकाला लावलेला. तसं ते काम सोपं होतं. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात डिस्कचं चित्र असायचं आणि त्याखाली मोकळ्या जागेचा आकडा. तो उतरवला की झालं.

आज चित्र होतं, आकडा नव्हता.

बाईंनी संगणक बंद करून चालू केला. पडदा पुसला. चष्माही पुसला. आकडा काही दिसेना. रजिस्टर अपुरं राहिलं तर हेडक्लार्क जाता जाता नावाला बट्टा लावतील, या धास्तीने त्या तडक संगणक बघणाऱ्या माणसाकडे गेल्या. त्याला सगळे मिस्तरी म्हणत.

"लेखी द्या," मिस्तरी म्हणाला. "मागे तोंडी सांगण्यावरून प्रिंटर उघडला, तर मोडल्याचं खापर माझ्या माथी. आता कागदाशिवाय हात लावत नाही."

बाईंनी उभ्या उभ्या लिहिलं: 'सकाळपासून जागा किती शिल्लक आहे याची माहिती दिसत नाही. तरी आजच पाहून कळवावे.' आणि कागद आवक टेबलावरच्या काकांकडे दिला. काका तीस वर्षं कागद वाटत होते आणि त्या अनुभवाच्या जोरावर अर्धी ओळ वाचून कागद कुठे जायचा ते ठरवत. 'जागा' दिसली, 'शिल्लक' दिसली. झालं! त्यांनी शिक्का मारला, आवक नंबर टाकला आणि कागद आस्थापना शाखेत, म्हणजे नेमणुका बघणाऱ्या मोठ्या बाईंकडे धाडून दिला.

तीन वाजले तरी मिस्तरीचा पत्ता नाही. बाई पुन्हा गेल्या.

"कागदच आला नाही," तो म्हणाला.

"अहो, माझी नोकरी पाच वाजता संपतेय, तुमचा कागद कुठे घेऊन बसलात!" बाईंचा आवाज चिरकला. मिस्तरी वरमला. कागद मागाहून घेईन, या बोलीवर उठला, खुर्चीत बसला आणि कुठलीशी यादी उघडून त्याने एका चौकोनात बरोबरची खूण केली. आकडा जागच्या जागी हजर.

"जागा कुठे गेली नव्हती बाई. दाखवायचं तेवढं कुणीतरी बंद केलं होतं."

"एवढंच?"

"एवढंच. पण कागद द्या हं."

बाईंनी आकडा उतरवला आणि किल्ल्या, शिक्के, रजिस्टर असं सगळं हेडक्लार्कांच्या टेबलावर मांडलं. ते मोजून घेतायत तोच शिपाई लिफाफा घेऊन आला. मोठ्या बाईंचं उत्तर होतं. बाईंनी ते उभ्यानेच वाचलं.

'आपल्या आजच्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या शाखेत कनिष्ठ लिपिकाची एक जागा गेली तीन वर्षे रिक्त आहे. ही माहिती हेडक्लार्क यांना दर सहा महिन्यांनी कळविली आहे. तरी पुन्हा का विचारले, याचा बोध होत नाही. प्रत माहितीसाठी: साहेब.'

बाईंनी ते एकदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं. हेडक्लार्कांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा टेबलावर पडला.

"अहो, ते... तुमचं पत्र संगणकाचं होतं ना? मोठ्या बाईंचा काहीतरी घोटाळा झाला. आणा इकडे, फाडून टाकतो."

"घोटाळा झालाच. पण जागा आहे की नाही?"

"आहे म्हणजे... तशी आहे." त्यांनी कपाळ पुसलं. "बहिणीचा मुलगा परीक्षेला बसतो हो. दर खेपेला दोन-चार मार्कांनी हुकतं बिचाऱ्याचं. म्हटलं, यंदा निघेल..."

बाईंना हसू आलं आणि त्याच दमात डोळेही भरले. तीन वर्षं! कुणा नापास भाच्याची खुर्ची त्या गरम ठेवत होत्या.

एवढ्यात आतून साहेबांची घंटा वाजली. शिपाई आत गेला आणि तसाच बाहेर आला. "साहेब विचारतायत, ही जागा रिकामी का? बाईंचा अर्ज घेऊन दोघांनी आत या म्हणाले."

हेडक्लार्कांनी घाईघाईने कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. "बसा बाई, बसा. मी स्वतः लिहून देतो ना अर्ज. आपल्या घरचंच काम आहे."

बाई बसल्या नाहीत. त्यांनी तो कागद काढून घेतला.

"अर्ज माझा मी लिहीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझे आभार तेवढे परत द्या. सहा वेळा मानलेत, मोजून घ्या."