कंपनीचा हॉर्न

टोकावडे ते मुरबाड या रस्त्यावर जगदीश चौदा वर्षं सीटा भरून गाडी चालवत होता. आधी जीप होती, आता पांढरी इको. दिवाळीआधी त्याने मुरबाडला काळूरामच्या गॅरेजात हेडलाइटचं वायरिंग करून घेतलं आणि आठवड्याभरात त्याच्या लक्षात आलं की गाडीचा हॉर्न बसलाय. दाबला की चिंध्यांत गुंडाळून ठेवल्यासारखा वाजायचा.

काळूराम आणि तो सातवीपर्यंत एका बाकावर बसलेले. काळूरामने दोनदा हॉर्न दाबून बघितला, काही बिघडलेलं नाही म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. जगदीशला त्याची ती घाई खटकली. वायरिंगच्या वेळी गाडी दिवसभर त्याच्याच ताब्यात होती. कंपनीचा हॉर्न काढून कुठलातरी जुना बसवायला असा किती वेळ लागतो? दोन दिवसांनी ही शंका त्याने मुरबाडच्या स्टँडवर चारचौघांत बोलूनही दाखवली.

मग एकेक गोष्ट नजरेत भरायला लागली. मागच्या सीटवरच्या बाया पूर्वी गाडी डोक्यावर घ्यायच्या, त्या आता कुजबुजत होत्या. आरशात तोंडं हलताना दिसायची, शब्द येत नव्हते. दोनदा थांबा मागे पडला आणि बाया म्हणाल्या, आम्ही केव्हाचं सांगतोय. जगदीशला वाटलं, स्टँडवरच्या कुणीतरी यांना फितवलंय. मोटरसायकलवाले हॉर्न देऊनही आडवे चालायचे, आणि वर मागे वळून हात उगारायचे.

घरी बायको, मीना, तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती. काय म्हणालीस विचारलं की ती म्हणे, काय नाय. ते ‘काय नाय’ तो दिवसभर मनात घोळवायचा. एकदा ती नळावर गेली असताना त्याने तिचा मोबाइल चाळला. बचत गटाचे निरोप होते, भाचीच्या बारशाचे फोटो होते. त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण तासाभराने वाटलं, असलेलं पुसूनही टाकता येतं.

मुरबाडात सगळेच काळूरामच्या ओळखीचे. म्हणून पौषात एका सकाळी तो रिकामी गाडी घेऊन शहापूरला गेला आणि एका अनोळखी मेकॅनिककडून दोन मोठे भोंगे बसवून घेतले. जुना हॉर्न त्याने मुद्दाम हातात मागून घेतला. त्यावर कंपनीचा शिक्का होता. शिक्का काय, कुणीही मारतं, असं म्हणून त्याने तो सीटखाली टाकला. नवा भोंगा दाबला तेव्हा समोरच्या चहाच्या टपरीवरची सगळी माणसं दचकून वळली. जगदीशला बरं वाटलं. हा ऐकू येत होता.

तिसऱ्या दिवशी, गाडीत सात माणसं असताना, पुढे रस्त्याच्या कडेने जैतू चालला होता. डोंगरातल्या पाड्यावरचा म्हातारा, म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेतून घेतलेली खोंडांची जोडी घरी नेत होता. जगदीशने मागून लांब हॉर्न दिला. खोंडं उधळली. कासरा जैतूच्या मनगटाला गुंडाळलेला होता; तो फरपटत गेला आणि गटारात पडला.

जगदीशनेच त्याला उचलून मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. वाटेत गाडीतली माणसं त्याला बोलत होती, हे त्याला त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळत होतं. आपण एवढं काय केलं, साधा हॉर्न तर दिला, असं त्याला वाटत राहिलं. म्हातारा सोंग करतोय हेही वाटलं.

चार दिवसांनी तो पाड्यावर गेला. विचारपूस करायला आलोय म्हणाला, पण खरं म्हणजे हात मोडलाय का ते बघायचं होतं. हाताला प्लास्टर होतं. जैतूची बायको मालू पाण्याचा तांब्या ठेवून काहीतरी बोलली. जगदीशला कळलं नाही. ती जवळ आली आणि मोठ्याने, सावकाश म्हणाली, “मी वर लाकडं गोला करत होते त्या दिवशी. तिथवर आला तुमचा आवाज. मना वाटलं, ट्रक सुटला घाटातना.”

तिने हात केला तो उतार रस्त्यापासून बराच वर होता. ती तक्रार करत नव्हती. तिने काही मागितलंही नव्हतं.

जैतू मघापासून त्याच्याकडे बघत होता. “भाऊ, तुमाला कमी ऐकू येतं का?” त्याने विचारलं. “माजा भाऊस पन असाच तोंडाकडं बघून बोलायचा.”

जगदीश नाय म्हणाला आणि उठला. गाडीत बसून काचा वर केल्या आणि हॉर्न दाबून धरला. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. मालूने दोन्ही कान झाकले. त्याला मात्र दूर कुठेतरी कुणाचीतरी गाडी वाजत असल्यासारखं वाटलं. त्याने हात काढून घेतला.

आपल्याला कमी ऐकू येतं, हे त्याने मीनाला सांगितलं. ती म्हणाली, तीन-तीनदा सांगताना भांडण केल्यासारखं वाटायचं, म्हणून सोडून द्यायचे. मला तर वाटलं, तुमचं मन घरात राहिलं नाय. कल्याणच्या डॉक्टरने दोन्ही कान तपासले. मशीन लावावं लागेल, आणि आपण लिहून देईपर्यंत गाडीत सीटा घ्यायच्या नाहीत, असं बजावलं.

भोंगे काढायला तो मीनाच्या भावाला गाडी चालवायला लावून काळूरामकडे गेला. सगळं सांगितलं, माफी मागितली. काळूरामने स्क्रू सोडवता सोडवता ऐकून घेतलं. मग उभा राहिला, हात पुसले आणि त्याच्या अगदी तोंडासमोर येऊन म्हणाला, “मी चोर हाय हे तू स्टँडवर सगल्यांना सांगितलंस. हे पन सांगशील का?”

जगदीशला तेवढं एक नको होतं. बहिऱ्याच्या गाडीत पुन्हा कोण बसणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो चालत स्टँडवर गेला. ड्रायव्हर होते, त्याच्या गाडीतल्या नेहमीच्या बाया होत्या. काळूरामने काही बदललं नव्हतं, माझे कान गेलेत, असं त्याने सांगितलं. आवाज किती चढला होता ते त्याचं त्याला कळलं नाही.

घोळक्यातली बाईजा, रोज मागच्या सीटवर बसणारी, काहीतरी बोलली आणि दोघी-तिघी हसल्या. जगदीशच्या कपाळावर आठी चढली. मग तो तिच्याजवळ गेला.

“परत सांग,” तो म्हणाला. “मला ऐकू नाय आलं.”